समुद्रकाठचं जुनं, तऱ्हेवाईक टाइमशेअर: एक्सचेंज करून कसं जायचं आणि घ्यायचंच असेल तर काय बघून घ्यायचं

फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, म्हणजे ऑर्मंड बीच, डेटोना, कोको बीच या पट्ट्यात, समुद्राला अगदी खेटून छोटी छोटी टाइमशेअर रिसॉर्ट्स आहेत. वर नॉर्थ कॅरोलायनाच्या आउटर बँक्सला, मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडलाही सापडतील. यातली बरीचशी मुळात मोटेल्स होती, पुढे त्यांचे आठवडे पाडून विकले, त्यामुळे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकच लिफ्ट आणि तीही सावकाश, ऑफिस संध्याकाळी बंद, पलंग भिंतीतून खाली ओढायचा, शफलबोर्डचं कोर्ट अजून जपलेलं, आणि वर्षानुवर्षं त्याच आठवड्याला येणारी मंडळी जी एकमेकांना नावानं हाक मारतात. पण गॅलरीचं दार सरकवलं की खाली थेट वाळू आणि समोर समुद्र, मधे रस्ता नाही की काही नाही. मला ही रिसॉर्ट्स मनापासून आवडतात, आणि म्हणूनच सगळं नीट सांगते, कारण लोक इथे समुद्र बघून सही करतात आणि असोसिएशनचे हिशेब बघायचेच राहून जातात.

ज्यांना टाइमशेअर म्हणजे नक्की काय हेच नीट माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत: एका युनिटचे, म्हणजे एका खोलीचे किंवा फ्लॅटचे, वर्षाचे आठवडे पाडतात, एखाद-दुसरा दुरुस्तीसाठी ठेवतात, बाकीचे वेगवेगळ्या लोकांना विकतात. आठवडा तुमचा झाला की दरवर्षी त्याची मेंटेनन्स फी तुमची, तुम्ही जा नाहीतर नका जाऊ. डेव्हलपर विकून निघून गेला की कारभार मालकांच्या असोसिएशनकडे येतो, आणि जुन्या रिसॉर्टमध्ये तो बहुतेक कधीच निघून गेलेला असतो. म्हणजे तुम्ही घेता तो नुसता आठवडा नाही, एका सोसायटीची मेंबरशिप घेता, जिच्या इमारतीवर रोज खारं वारं आदळतंय.

आधी राहून बघा

घ्यायचा विचार डोक्यात असला तरी पहिल्यांदा भाड्यानं किंवा एक्सचेंजनं, म्हणजे आपला आठवडा देऊन दुसऱ्याचा घेऊन, जा. भाड्याचं सोपं आहे, रेडवीकसारख्या साइटवर मालक स्वतःचा आठवडा भाड्यानं देतात आणि बिगर-सीझनला तो पुष्कळदा मेंटेनन्स फीच्या आसपासच सुटतो, कधी त्याहून कमीतही. शिवाय रिसॉर्टच्या ऑफिसला थेट फोन करा, ज्या आठवड्यांच्या मालकांनी फी भरली नाही ते फिरून असोसिएशनकडे आलेले असतात आणि ऑफिस ते भाड्यानं देतं. साइटवर दिसत नाहीत असे आठवडे फोनवर मिळतात.

एक्सचेंज करायचं तर तुमच्याकडे कुठलातरी आठवडा किंवा आठवड्याऐवजी मिळणारे पॉइंट्स हवेत, मग ते ऑरलँडोचे असोत नाहीतर डोंगरातले. अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्या आहेत, आरसीआय जी १९७४ साली इंडियानापोलिसला सुरू झाली आणि इंटरव्हल इंटरनॅशनल जी १९७६ साली मायामीत सुरू झाली. दोन्हींचं काम एकच, तुम्ही तुमचा आठवडा त्यांच्याकडे डिपॉझिट करायचा आणि दुसऱ्या कोणी डिपॉझिट केलेला घ्यायचा. तुम्हाला हवं असलेलं रिसॉर्ट यातल्या कोणाशी जोडलेलं आहे ते आधी बघा, कारण छोटी रिसॉर्ट्स बहुतेक एकाशीच असतात. नुसती मेंबरशिप काढून बसलात आणि रिसॉर्ट दुसरीकडे निघालं तर काही उपयोग नाही.

तुमच्या आठवड्याची ताकद, म्हणजे ट्रेडिंग पॉवर, ठरते कशावर? त्या भागाला मागणी किती, सीझन कुठला, युनिट केवढं, रिसॉर्टचं रेटिंग काय, आणि तुम्ही डिपॉझिट किती आधी केलंत. यातलं शेवटचं एकच तुमच्या हातात आहे. आरसीआयमध्ये दोन वर्षं आधीपर्यंत डिपॉझिट करता येतं, आणि चेक-इनच्या नऊ महिने आधी केलं तर पूर्ण किंमत मिळते, जसजसे दिवस कमी तसतशी ती घसरत जाते. म्हणून जायचं नाही हे नक्की असेल तर आठवडा शेवटपर्यंत धरून ठेवू नका.

आता शोधाशोध. या रिसॉर्ट्सची अडचण अशी की युनिट्स थोडी, आणि ज्यांच्याकडे चांगला आठवडा आहे ते स्वतःच येतात, डिपॉझिट करतच नाहीत. त्यामुळे मार्चमधला स्प्रिंग ब्रेक, म्हणजे शाळा-कॉलेजांची सुट्टी, जुलैचा पहिला आठवडा, किंवा डेटोनाला फेब्रुवारीतली डेटोना ५०० रेस आणि मार्चमधला मोटरसायकलवाल्यांचा बाइक वीक, हे रोज साइट उघडून बघून सापडणार नाही. यासाठी ऑनगोइंग सर्च लावा, म्हणजे तारखा, भाग, युनिटचा साइज सांगून ठेवायचं आणि कोणी डिपॉझिट केलं की मॅच तुमच्या नावावर लागतो. वर्षभर आधी लावा, तारखा जमतील तेवढ्या मोकळ्या ठेवा, आणि दोघंच असाल तर स्टुडिओही चालेल असं टाका. समुद्रासमोरचा स्टुडिओ पार्किंगसमोरच्या टू-बेडरूमपेक्षा केव्हाही चांगला, निदान माझ्या मते.

दुसरा रस्ता शेवटच्या क्षणाचा. इंटरव्हलमध्ये चेक-इनला ५९ दिवस किंवा कमी उरले की फ्लेक्सचेंज सुरू होतं, तेव्हा साध्या आठवड्यावरही मोठा आठवडा मिळू शकतो. आरसीआयमध्येही तारीख जवळ आली की लागणारी पॉवर कमी होते. ज्यांना गाडीत बॅगा टाकून निघता येतं त्यांना हे फार सोयीचं, ज्यांना विमानाची तिकिटं काढायचीत त्यांनी यात पडू नये.

सप्टेंबर-ऑक्टोबर, डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारी त्यामानानं सहज मिळतात. जानेवारीत मध्य फ्लोरिडाचं पाणी पोहायला गार असतं पण चालायला किनारा मोकळा. सप्टेंबरचं पाणी कोमट, मस्त, पण हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर आणि त्याचा कळस साधारण १० सप्टेंबरच्या आसपास, तेव्हा सप्टेंबर घेतलात तर एक्सचेंज कन्फर्म करताना कंपनी जो प्रोटेक्शन प्लॅन विकते त्याच्या अटी वाचून तो घ्या.

कन्फर्मेशनच्या कागदावरचं बारीक अक्षर

एक्सचेंजची फी दोन-तीनशे डॉलरच्या घरात जाते, वर वर्षाची मेंबरशिप वेगळी. त्याशिवाय रिसॉर्टची स्वतःची रिसॉर्ट फी, पार्किंग, कधी कधी गादी-चादरीचे पैसे असतात, ते कन्फर्मेशनमध्ये खाली लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. युनिटपुढे "४/२" असे दोन आकडे दिसतात, पहिला म्हणजे जास्तीत जास्त किती माणसं झोपू शकतात, दुसरा म्हणजे किती जणांना वेगळी, आडोशाची झोपायची जागा आहे. म्हणजे ४/२ मध्ये दोघं पलंगावर आणि दोघं हॉलमधल्या सोफ्यावर. आई-बाबा बरोबर येणार असतील तर दुसरा आकडा बघून घ्या. चेक-इन करणाऱ्याचं वय काही ठिकाणी २१ तर काही ठिकाणी २५ लागतं, स्प्रिंग ब्रेकच्या गावांत हे कडक पाळतात. आणि काही रिसॉर्ट्स एक्सचेंजवाल्यांना चार वर्षांत एकदाच येऊ देतात, तोही नियम तिथेच सापडेल.

"ओशनफ्रंट" हा शब्द रिसॉर्टच्या जमिनीला लागू असतो, तुमच्या खोलीला नाही. एल आकाराच्या इमारतीत अर्ध्या खोल्या समुद्राकडे आणि अर्ध्या डांबरी पार्किंगकडे असू शकतात आणि जाहिरात दोघींचीही ओशनफ्रंटच. एक्सचेंज कंपनी साइज आणि तारखेची हमी देते, व्ह्यूची नाही. पण छोट्या जुन्या रिसॉर्टमध्ये एक फायदा असतो जो मोठ्या ठिकाणी नसतो. इथे बरेच आठवडे फिक्स्ड वीक, फिक्स्ड युनिट असतात, म्हणजे ज्या मालकानं डिपॉझिट केलं त्याचं जे युनिट तेच तुम्हाला येतं. म्हणून कन्फर्मेशन हातात आलं की ऑफिसला फोन लावा, नाव-नंबर सांगा आणि सरळ विचारा, "मला कुठलं युनिट आलंय? गॅलरी समुद्राकडे आहे का बाजूला? कितव्या मजल्यावर आहे, लिफ्टच्या शेजारी आहे का?" ऑफिसातल्या बाई बहुतेक रजिस्टर बघून लगेच सांगतात. नको असलेलं आलं असेल आणि दुसरं कोणतं रिकामं असेल तर विनंती करा, गोड बोलून. ऑफिसात दोन-तीनच माणसं असतात, ती वर्षानुवर्षं तीच असतात आणि त्यांना लोक लक्षात राहतात. त्याच फोनवर उशिरा पोचलो तर किल्ली कुठे मिळेल ते विचारून ठेवा, कारण ऑफिस बंद झाल्यावर लॉकबॉक्सचा कोड नसेल तर बाहेर उभं राहावं लागतं.

तिथे पोचल्यावर

रोजची साफसफाई नसते, टॉवेल बदलून देतील एखाद्या वेळेस, आणि निघताना भांडी धुणं, चादरी काढून एका ढिगात ठेवणं, कचरा खाली नेणं हे तुमच्याकडे असतं, फ्रिजवर यादी चिकटवलेली असते. किचनमध्ये भांडी भरपूर पण सुरी बोथट, म्हणून आपली एक न्या, कुकरही न्या. बीचच्या खुर्च्या कोठीत असतात, आधी विचारा, विकत आणू नका.

मे ते ऑक्टोबर या काळात फ्लोरिडाच्या या किनाऱ्यावर कासवांची घरटी आणि पिल्लं असतात, त्यामुळे रात्री समुद्राकडचे दिवे बंद आणि पडदे ओढलेले, हा तिथला कायदाच आहे. पिल्लं वाळूतून बाहेर पडली की उजेडाच्या दिशेनं जातात आणि गॅलरीतला दिवा त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे ओढतो. मुलांना हे आधी समजावून सांगा, ती मग स्वतःच दिवे बंद करत फिरतात. मोबाइलचा टॉर्च घेऊन रात्री वाळूत उतरायचं नाही. डेटोनाला तर किनाऱ्याच्या काही भागात दिवसा गाड्या चालतात, वाळू घट्ट आहे म्हणून, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका.

पुढे विकत घ्यायचा विचार असेल तर या आठवड्यात एक तास इमारतीसाठी काढा. वाळूत उभं राहून गॅलऱ्यांकडे खालून बघा. स्लॅबच्या कडेला तांबूस ओघळ आलेत का, काँक्रीटचा पापुद्रा सुटलाय का, ठिकठिकाणी नवी थिगळं दिसतात का? खारं पाणी आतल्या सळईपर्यंत पोचलं की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते, आणि बाहेर दिसतो तो एवढासा ओघळ. रेलिंग जिथे स्लॅबमध्ये घुसतं तिथे बोट फिरवा. सरकतं दार एका हातानं सरकतं का बघा. मग वाळूच्या बाजूची भिंत, म्हणजे सी-वॉल, आणि खाली उतरायच्या पायऱ्या बघा, त्या नव्या आहेत की दोरी लावून बंद केल्यात. आणि मालकांशी गप्पा मारा. पूलजवळ बसलेल्या कुठल्याही आजोबांना "स्पेशल असेसमेंट (मोठ्या कामासाठी फीवर वेगळी काढलेली वर्गणी) कधी लागली होती?" एवढं विचारा, ते तुम्हाला गेल्या वीस वर्षांचा इतिहास सांगतील.

घ्यायचंच असेल तर

सगळ्यात आधी एक, सेल्स प्रेझेंटेशनमध्ये बसून डेव्हलपरकडून घेऊ नका. नवीन टाइमशेअर वीस हजार डॉलरच्या पुढे जातं आणि या जुन्या रिसॉर्टचा आठवडा रिसेलमध्ये कधी एक डॉलरला तर कधी दोन-तीन हजाराला मिळतो. आठवडा तोच, गॅलरी तीच. एक डॉलर बघून हुरळून मात्र जाऊ नका, कारण खरी किंमत फीमध्ये आहे. समजा फी ९०० डॉलर आणि दरवर्षी ४ टक्के वाढली, तर वीस वर्षांत तुम्ही सुमारे २६,८०० डॉलर भराल आणि विसाव्या वर्षाची फी १,९०० च्या जवळ गेलेली असेल. हा आकडा पटत असेल तरच पुढे जा.

फिक्स्ड की फ्लोटिंग? फ्लोटिंगमध्ये आठवडा ठरलेला नसतो, दरवर्षी बुकिंगसाठी धावावं लागतं आणि चांगले आठवडे आधी फोन करणाऱ्याला जातात. अशा छोट्या ठिकाणी मी फिक्स्ड वीक, फिक्स्ड युनिटच्या बाजूनं आहे, कारण इथे लोक एका विशिष्ट गॅलरीवर जीव लावतात. पण आठवड्याचा नंबर आणि तारीख यांचा मेळ नीट घाला. रिसॉर्टचा आठवडा शुक्रवारी, शनिवारी की रविवारी सुरू होतो त्यावर कॅलेंडर ठरतं, आणि नंबर तोच राहिला तरी तारीख दरवर्षी एक-दोन दिवस मागे सरकते आणि मग काही वर्षांनी एकदम पुढे उडी मारते, त्याच्या आदल्या वर्षाच्या शेवटी ५३ वा आठवडा येतो. ईस्टर तर महिनाभर इकडेतिकडे होतो. म्हणून पुढच्या पाच-सहा वर्षांच्या तारखा मागा आणि मुलांच्या शाळेच्या सुट्टीशी ताडून बघा, निदान घ्यायच्या आधी एकदा.

दुसरं, डीडेड आहे की राइट-टू-यूज. डीडेड म्हणजे काउंटीच्या दफ्तरात तुमच्या नावावर नोंद, राइट-टू-यूज म्हणजे ठराविक सालापर्यंत वापरायचा हक्क, मग संपलं. बऱ्याच जणांना राइट-टू-यूज कमी वाटतं, मला तसं वाटत नाही. साठीच्या माणसाला पंधरा वर्षांत आपोआप संपणारं काहीतरी बरंच आहे.

हिशेब, इथे घाई नको

विकणाऱ्याला किंवा असोसिएशनला हे कागद मागा: शेवटच्या तीन वर्षांचं बजेट, ऑडिट, रिझर्व्ह स्टडी (पुढच्या मोठ्या दुरुस्त्या आणि त्यासाठी साठवलेले पैसे यांचा अहवाल), बोर्डाच्या मीटिंगची मिनिट्स, इन्शुरन्सचं पहिलं पान, थकबाकी किती टक्के आहे, आणि असोसिएशनकडे स्वतःचे किती आठवडे पडून आहेत. द्यायला कां-कू करतात तिथे मी घेणार नाही.

शेवटचे दोन आकडे का महत्त्वाचे ते बघा. समजा ६० युनिट्स आहेत, प्रत्येकी ५१ आठवडे, म्हणजे ३,०६० आठवडे. छप्पर आणि सी-वॉल मिळून पंधरा लाख डॉलरचं काम निघालं तर आठवड्याला ४९० डॉलर. पण त्यातले ४०० आठवडे जर फी न भरणाऱ्यांचे किंवा असोसिएशनकडे परत आलेले असतील तर भरणारे राहिले २,६६०, आणि तुमचा वाटा झाला ५६४. शिवाय रोजची फीसुद्धा याच कमी झालेल्या लोकांवर वाढत जाते, फी वाढली की आणखी काही सोडून जातात, आणि परत वाढते. जुन्या टाइमशेअरला समुद्रापेक्षा जास्त हेच खातं.

रिझर्व्ह स्टडीत प्रत्येक गोष्टीपुढे तीन आकडे असतात, किती वर्षं टिकेल, किती उरली, बदलायला किती लागतील. छप्पर, लिफ्ट, गॅलऱ्यांचं काँक्रीट, खिडक्या, एसीची बाहेरची यंत्रं, सी-वॉल एवढ्या ओळी शोधा. "उरलेली वर्षं" या रकान्यात शून्य-एक-दोन दिसत असेल आणि रिझर्व्हमध्ये तेवढे पैसे नसतील, तर ते पैसे स्पेशल असेसमेंट म्हणून तुमच्याकडूनच येणार. मग मिनिट्स उघडा आणि तिथे "इंजिनिअर", "असेसमेंट", "लोन" हे शब्द शोधा, सगळं वाचायची गरज नाही.

इन्शुरन्सच्या पानावर नेम्ड स्टॉर्म डिडक्टिबल बघा, म्हणजे नाव दिलेल्या वादळात नुकसान झालं तर विम्याआधी मालकांनी सोसायची रक्कम. हा आकडा डॉलरमध्ये नसतो, टक्क्यांत असतो आणि तोही इमारतीच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत. एक कोटी वीस लाख डॉलरचा विमा आणि ५ टक्के डिडक्टिबल असेल तर पहिले सहा लाख डॉलर मालकांच्या खिशातून, विमा त्यानंतर सुरू. सरकारी फ्लड इन्शुरन्समध्ये सी-वॉल येतच नाही. २०२२ साली सप्टेंबरच्या शेवटी इयान वादळानं व्होलुशिया काउंटीच्या, म्हणजे डेटोना-ऑर्मंडच्या, किनाऱ्याची वाळू ओढून नेली आणि १० नोव्हेंबरला निकोल आलं तेव्हा उघड्या पडलेल्या भिंती कोसळल्या, डेटोना बीच शोअर्समधल्या कित्येक इमारती राहायला धोकादायक ठरवल्या, विल्बर-बाय-द-सीला घरं कोसळली. त्या पट्ट्यात आज घेत असाल तर पहिला प्रश्न हाच, २०२२ नंतर सी-वॉल पुन्हा बांधली का, कोणाच्या पैशानं, आणि त्याचं कर्ज अजून फिटायचंय का.

आणि सर्फसाइड. २४ जून २०२१ ला मायामीजवळच्या सर्फसाइड गावातली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही समुद्राकाठची बारा मजली इमारत पडली, ९८ माणसं गेली. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लोरिडानं कायदा केला की तीन किंवा जास्त मजल्यांच्या काँडो (मालकीच्या फ्लॅट्सच्या) इमारतींची ३० वर्षं झाली की इंजिनिअरकडून तपासणी झालीच पाहिजे, खाऱ्या पाण्याजवळ असेल तर स्थानिक अधिकारी २५ वर्षांवरही मागू शकतात. आपण बोलतोय त्या बहुतेक इमारतींनी तिशी कधीच ओलांडली आहे. तपासणीचा रिपोर्ट मागा आणि त्यात सुचवलेल्यातलं काय झालं, काय बाकी आहे ते विचारा. ज्या असोसिएशननं हे काम पैसे गोळा करून वेळेत उरकलंय तिची फी शेजारच्यापेक्षा दीडशे डॉलर जास्त असली तरी मी तीच निवडीन. स्वस्त फी म्हणजे बहुतेक वेळा काम पुढे ढकललंय एवढाच अर्थ असतो.

कागदपत्रं

पैसे देण्याआधी असोसिएशनकडून एस्टॉपेल लेटर घ्या, त्यात या आठवड्यावर काही थकबाकी नाही, असेसमेंट बाकी नाही हे लिहून मिळतं. विकणाऱ्यानं या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा आठवडा आधीच एक्सचेंजला डिपॉझिट करून टाकलेला नाही ना ते विचारा, नाहीतर फी तुम्ही भराल आणि वापर त्याचा होईल. पहिला वापर कुठल्या वर्षी आणि त्या वर्षीची फी कोणाची, हे करारात लिहून घ्या. मग टायटल किंवा क्लोजिंग कंपनीतर्फे (मालकी तपासून व्यवहार पुरा करून देणाऱ्या) डीड काउंटीत नोंदवून घ्या आणि नोंदलेली प्रत ऑफिसला पाठवा, तोवर त्यांच्या लेखी मालक जुनाच असतो.

आणि कोणी प्रेझेंटेशनला बसून डेव्हलपरकडून सही करून आलंच असेल तर घाबरू नका, दिवस मोजा. फ्लोरिडात १० दिवसांत, कॅलिफोर्निया आणि हवाईत ७ दिवसांत, नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनात ५ दिवसांत कारण न देता रद्द करता येतं. करारात रद्द करायचा पत्ता आणि पद्धत दिलेली असते, तंतोतंत तशीच वापरा, लेखी द्या, सर्टिफाइड मेलनं पाठवा, पावती जपून ठेवा. फोन करून सांगितलं एवढ्यावर राहू नका, फोनवर ते तुमचं मन वळवतील आणि दिवस निघून जातील.

एक्सचेंजसाठी म्हणून घ्यावं का

नाही. ९०० फी, वर एक्सचेंजचे तीनशे, वर मेंबरशिप, एवढ्यात बहुतेक ठिकाणी सरळ भाड्यानं राहता येतं. घ्यायचं ते स्वतः जाण्यासाठी, त्याच आठवड्याला, त्याच गॅलरीत, आणि एक्सचेंज हे एखाद्या वर्षी लग्न-मुंज-आजारपण निघालं तर आठवडा फुकट जाऊ नये म्हणून. तसं डिपॉझिट केलं तर आरसीआयमध्ये तुमच्या आठवड्याच्या तारखेपासून पुढे दोन वर्षं ते वापरता येतं. एक्सचेंजनं मिळवलेला आठवडा मात्र भाड्यानं देऊ नका, दोन्ही कंपन्यांना ते चालत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. स्वतःचा आठवडा भाड्यानं द्यायला सहसा हरकत नसते.

बाहेर पडायचा रस्ता

हा घ्यायच्या आधी विचारायचा. ऑफिसला विचारा, "आम्हाला पुढे नको झालं तर तुम्ही डीड परत घेता का, आणि काय अटी आहेत?" चांगल्या असोसिएशन फी भरलेली असेल तर परत घेतात, कधी एक-दोन वर्षांची फी आगाऊ मागतात. लेखी उत्तर मिळालं तर ते घेण्यामागचं मोठं कारण समजा.

एकदा मालक झालात की फोन सुरू होतील, तुमच्या आठवड्याला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त टॅक्सचे किंवा क्लोजिंगचे पैसे आधी भरा. एक पैसाही आगाऊ देऊ नका. हे प्रकरण किती खोल आहे ते यावरून कळेल की २०२३ पासून अमेरिकेच्या ट्रेझरीनं, म्हणजे अर्थखात्यानं, मेक्सिकोतल्या प्युएर्तो व्हायार्ताच्या टाइमशेअर मालकांना असं लुबाडणाऱ्या, ड्रग कार्टेलशी जोडलेल्या माणसांवर आणि कंपन्यांवर निर्बंध लावलेत. "आम्ही तुम्हाला टाइमशेअरमधून सोडवतो" म्हणून हजारो डॉलर आगाऊ घेणाऱ्या कंपन्यांपासूनही तेवढंच लांब राहा, आधी स्वतः असोसिएशनला पत्र लिहा.

डीडेड मालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ठराविक बहुमतानं मालक पूर्ण रिसॉर्ट बंद करून जमीन विकायचं ठरवू शकतात, आणि समुद्राकाठची जमीन ही तिथल्या सगळ्या आठवड्यांच्या रिसेल किमतीपेक्षा जास्त मोलाची असू शकते. तेव्हा असं मतदान येईल तेव्हा पत्त्यावर पत्र पोचलं पाहिजे, म्हणून घर बदललं की ऑफिसला कळवा. यावर पैज लावून मात्र आठवडा घेऊ नका.

मुलांशीही बोलून ठेवा. डीड वारशानं जातं, फीसकट. मुलांना नको असेल तर त्यांना वारसा नाकारता येतो, पण त्यासाठी मुदत असते, आणि एकदा राहून आले किंवा फी भरली की नाकारणं अवघड होतं. त्यांना हवं असेल तर हयातीतच डीडवर नाव घालून घ्या, आणि नको असेल तर फी चालू असताना, तब्येत धड असताना, डीड परत देऊन टाका.